जहाजावरचे हेल्मेट: कधी, कोणते आणि पट्टा लावूनच का

तुम्ही लिहिले आहे की चार महिन्यांपूर्वी तुम्ही एका बल्क कॅरिअरवर, म्हणजे कोळसा-खनिजासारखा सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, ट्रेनी ओएस (शिकाऊ साधा खलाशी) म्हणून पहिल्यांदा चढलात. डेकवर हेल्मेटची सक्ती आहे, पण आखातातल्या उन्हात ते घातले की तासाभरात डोके ठणकू लागते. बोसन (डेकवरच्या खलाश्यांचे मुकादम) आणि जुने एबी (अनुभवी खलाशी) बराच वेळ कापडी टोपीवर काम करतात आणि चीफ ऑफिसर दिसले की हेल्मेट चढवतात. तुम्ही हनुवटीखालचा पट्टा लावला की ते हसतात. इंजिन रूममधली मंडळी हलकी बंप कॅप (डोके आपटले तर खरचटू नये एवढ्यापुरती टोपी) घालून दिवस काढतात, मग तीच डेकवर का चालू नये, असेही तुम्ही विचारले आहे. शेवटी तुम्ही मोकळेपणाने विचारले आहे, की हे सगळे खरोखर उपयोगाचे आहे की तपासणीपुरते.

मी २६ वर्षे व्यापारी जहाजांवर होतो. त्यांतली बहुतेक वर्षे बल्क कॅरिअरवर आणि सहा वर्षे कंटेनर जहाजांवर गेली. चीफ ऑफिसर असताना डेकवरच्या प्रत्येक माणसाच्या सुरक्षिततेची जबाबदारी माझ्यावर होती, त्यामुळे तुमचा प्रश्न मी दोन्ही बाजूंनी अनुभवला आहे: घालायला कंटाळणारा कॅडेट म्हणून आणि घाला म्हणून मागे लागणारा अधिकारी म्हणून.

माझ्या मते तुमच्या शंकांच्या मुळाशी एकच अडचण आहे. तुम्हाला हेल्मेट घालायला सांगितले गेले, पण ते नेमके कशापासून वाचवते आणि कशापासून वाचवू शकत नाही, हे कोणी समजावून सांगितले नाही. ते कळले की कुठे घालायचे, पट्टा का लावायचा आणि बंप कॅप कुठे चालते, या तिन्ही गोष्टी तुमच्या तुम्हाला ठरवता येतील. मात्र एक गोष्ट आधी मान्य करतो. तुमच्या जहाजाची सेफ्टी मॅनेजमेंटची पुस्तिका, तुमच्या कॅप्टनचे स्थायी आदेश आणि त्या दिवसाचे रिस्क असेसमेंट (कामातल्या धोक्यांचे लेखी मूल्यमापन) मी पाहिलेले नाही. त्यांत जे लिहिले आहे ते मी खाली लिहितो त्यापेक्षा कडक असेल, तर तेच पाळायचे. मी फक्त कारणे सांगू शकतो.

पहिल्यांदा ताकदीचा हिशेब पाहू. जहाजावर दिसणारी बहुतेक हेल्मेट ईएन ३९७ या युरोपीय मानकाप्रमाणे बनलेली असतात, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या औद्योगिक हेल्मेटसाठी आयएस २९२५ हे मानक आहे. ईएन ३९७ च्या चाचणीत ५ किलो वजनाचा बोथट ठोकळा १ मीटर उंचीवरून हेल्मेटच्या माथ्यावर सोडतात, आणि आतल्या कृत्रिम डोक्यापर्यंत पोचणारे बल ५ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये, अशी अट असते. दुसऱ्या चाचणीत ३ किलोचा टोकदार ठोकळा तेवढ्याच उंचीवरून सोडतात आणि त्याचे टोक आतल्या डोक्याला लागता कामा नये. पहिल्या चाचणीतली ऊर्जा साधारण ४९ ज्यूल होते. हा आकडा लक्षात ठेवा, कारण जहाजावरच्या वस्तूंना तो लावून पाहिला की बरेच काही उलगडते.

अर्ध्या किलोचा स्पॅनर १० मीटरवरून पडला तर त्याची ऊर्जा तेवढीच, म्हणजे ४९ ज्यूल असते, आणि खाली पोचेपर्यंत त्याचा वेग ताशी ५० किलोमीटर झालेला असतो. तुमच्या जहाजाच्या होल्डची, म्हणजे माल भरण्याच्या कोठाराची, खोली १७ मीटर धरली, तर हॅच कोमिंगवरून (होल्डच्या तोंडाभोवतीच्या उभ्या काठावरून) सुटलेला ३०० ग्रॅमचा एखादा शॅकलसुद्धा (दोर-साखळ्या जोडायची लोखंडी कडी) तळाशी येईपर्यंत जवळपास एवढ्याच जोराचा होतो. म्हणजे खिशातून घसरलेली लहानशी वस्तू हेल्मेटला त्याच्या मर्यादेपर्यंत नेते. ही मर्यादा पुरेशी आहे, आणि म्हणूनच हेल्मेट घालायचे: जहाजावर डोक्यावर पडणाऱ्या वस्तूंपैकी फार मोठा भाग या वजनाचा असतो. बोल्ट, नट, चिपिंग हॅमर (गंज खरवडण्याचा हातोडा), हातातून सुटलेला टॉर्च, स्टीव्हडोरच्या (माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या बंदर कामगाराच्या) बुटाला चिकटून आलेला खडा, हे सगळे त्यात येते.

पण तीच बेरीज उलट्या बाजूनेही करायला हवी. कंटेनर जहाजावर एक ट्विस्ट लॉक (कंटेनर एकमेकांना जोडणारा खटका) साधारण ५ किलोचा असतो. तो तीन कंटेनरांच्या थरावरून, म्हणजे साडेसात मीटरच्या आसपास उंचीवरून पडला, तर त्याची ऊर्जा चाचणीतल्या ऊर्जेच्या सातपटीहून अधिक होते. लॅशिंग रॉड (कंटेनर बांधून ठेवण्याची लोखंडी सळई) त्याहून जड असतो. क्रेनच्या हुकाला किंवा ग्रॅबला (माल उपसणाऱ्या जबड्याला) तर हिशेबच लागू होत नाही. अशा वस्तूखाली उभ्या असलेल्या माणसाला हेल्मेट वाचवेल या भरवशावर कोणी राहू नये. तिथे बचाव एकच, त्या जागेखाली नसणे. कंटेनर जहाजावर मी लॅशिंग चालू असलेल्या बेच्या (कंटेनरांच्या आडव्या रांगेच्या) खालून जाणारी वाट दोरी बांधून बंद करायचो आणि हेल्मेट घातलेल्या माणसालाही तिथून जाऊ देत नसे. काही जणांना हा अतिरेक वाटायचा. वरचा हिशेब एकदा कागदावर मांडून दाखवला, त्यानंतर वाद झाला नाही.

तुमच्या जहाजाच्या जातीत याहून नेहमीचा एक धोका आहे आणि नवख्या माणसाला तो दिसत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. माल उतरवून झाल्यावर होल्ड रिकामा दिसतो, पण बाजूच्या फ्रेमवर, वरच्या टाक्यांच्या उतारांखाली आणि हॅच कोमिंगच्या आतल्या कंगोऱ्यांवर माल चिकटून राहिलेला असतो. ओलसर लोहखनिज किंवा कोळसा असेल तर तो घट्ट बसतो, आणि वाळला, जहाज हलले किंवा कोणी शेजारी हातोडा मारला की त्याचे ढेकूळ सुटते. मी सेकंड ऑफिसर असताना एका जहाजावर आम्ही होल्ड झाडायला उतरलो होतो. वर कोणीच काम करत नव्हते, क्रेन बाजूला वळवून ठेवल्या होत्या, त्यामुळे वरून काही येईल असे कोणाच्या मनातही नव्हते. मुठीपेक्षा थोडे मोठे असे खनिजाचे ढेकूळ फ्रेमवरून सुटले आणि एका एबीच्या माथ्यावर आदळले. त्याचे हेल्मेट पुढून मागेपर्यंत तडकले. त्याला मानेचा त्रास आठवडाभर झाला, पुढच्या बंदरात डॉक्टरांनी तपासले, आणि तो त्याच जहाजावर आपला करार पूर्ण करून घरी गेला. त्या दिवशी सकाळी त्याच माणसाने होल्डमध्ये वर कोणी नाही, मग टोपी चालेल ना, असे मला विचारले होते. मी नाही म्हटले होते. पण खरे सांगायचे तर तेव्हा मी नियम म्हणून नाही म्हटले होते, कारण मलाही माहीत नव्हते.

तेव्हापासून माझी पद्धत अशी की होल्डमध्ये उतरण्याआधी वरच्या कोमिंगवरून टॉर्चने फ्रेम पाहायच्या, जे सुटण्यासारखे आहे ते आधी पाण्याच्या झोताने किंवा लांब काठीने पाडायचे, आणि मगच माणसे उतरवायची. शिडीवरून एका वेळी एकच माणूस उतरेल, वरच्याच्या हातात काहीही नसेल आणि हत्यारे बादलीतून दोरीने खाली जातील. यांतली प्रत्येक गोष्ट हेल्मेटच्या आधी येते. हेल्मेट यातून जे निसटेल त्याच्यासाठी आहे.

आता हेल्मेटच्या आत काय घडते ते पाहू, कारण तुम्ही ते चुकीचे वापरत असाल अशी मला शंका आहे. तुम्ही लिहिले आहे की हेल्मेट सैल वाटते म्हणून आत कॉटनचे हातमोजे घडी करून ठेवता. तसे कृपया करू नका. बाहेरचे कवच आणि आतली पट्ट्यांची जाळी यांच्यामध्ये जी मोकळी जागा दिसते, तीच खरी संरक्षण देते. मानकाप्रमाणे डोक्याच्या वर ही जागा किमान २५ मिलिमीटर असावी लागते. आघात झाला की कवच खाली येते, पट्ट्या ताणल्या जातात आणि तेवढ्या अंतरात धक्का जिरतो. ढोबळ हिशेब करायचा तर ४९ ज्यूल २५ मिलिमीटरमध्ये जिरवायला सरासरी २ किलोन्यूटन बल पुरते. तीच जागा हातमोज्यांनी भरून ५ मिलिमीटर उरली, तर सरासरी १० किलोन्यूटनच्या घरात जाते, म्हणजे मानकाच्या कमाल मर्यादेच्या दुप्पट. चांगल्या हेल्मेटचे तुम्ही स्वतःच्या हाताने वाईट हेल्मेट करता. मोजे, मोबाइल, सिगारेटचे पाकीट, घडी केलेला रुमाल, यांतले काहीही तिथे ठेवायचे नाही.

सैलपणावर उपाय मागच्या चक्रीत आहे. हेल्मेट कपाळावर भुवयांच्या वर साधारण दोन बोटे राहील असे सपाट बसवा, मागची चक्री फिरवा आणि पट्टा न लावता खाली वाकून मान दोन्ही बाजूंना हलवा. ते घसरले नाही की झाले. त्यापुढे आणखी आवळू नका. नव्या मुलांच्या डोकेदुखीचे एक कारण मला वारंवार तेच आढळले आहे: पडेल या भीतीने चक्री इतकी आवळलेली, की कपाळावर वळ उठतो. दुसरे कारण पाणी कमी पिणे. पट्टा लावलेला असला की चक्री एवढी आवळावी लागत नाही, आणि इथेच तुमच्या दोन तक्रारी एकमेकींना भेटतात.

पट्ट्यावर लोक हसतात, असे तुम्ही लिहिले. जहाजावर तो का लागतो याचे कारण किनाऱ्यावरच्या कारखान्यापेक्षा वेगळे आहे. डेकवर वारा असतो, जहाज डोलते, आपण दिवसातून कितीदा तरी शिडी चढतो, वर पाहतो, कठड्यावरून खाली वाकतो. पट्टा नसलेले हेल्मेट या प्रत्येक वेळी उडण्याच्या किंवा पडण्याच्या बेतात असते. कोमिंगवरून वाकताना सुटलेले हेल्मेट खाली होल्डमधल्या माणसासाठी स्वतःच पडती वस्तू होते. याहून वाईट प्रसंग मी फोरकासलवर (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या डेकवर) पाहिला. जहाज धक्क्याला बांधण्याचा दोर ताणावर होता, वाऱ्याने एका ओएसचे हेल्मेट उडाले आणि ते पकडायला तो विचार न करता दोन पावले दोराच्या रेषेत धावला. दोर तुटला नाही म्हणून तो आज आहे. तुटलेला दोर ज्या वेगाने मागे येतो त्याच्यापुढे हेल्मेट असले काय आणि नसले काय, म्हणून मूरिंगच्या (जहाज बांधण्याच्या) वेळी उभे राहण्याची जागा हेच खरे संरक्षण असते. आणि न बांधलेल्या हेल्मेटने त्याला नेमके त्या जागेवरून हलवले होते.

पट्ट्याचे आणखी एक काम आहे. जहाजावर डोक्याला मार लागतो तो नेहमी वरून येतो असे नाही. ओल्या डेकवर, तेलकट प्लेटवर किंवा शिडीवरून पाय घसरला की माणूस मागे किंवा कुशीवर पडतो. पट्टा नसेल तर डोके लोखंडाला टेकण्याआधी हेल्मेट निघून गेलेले असते. मात्र इथेही खरे सांगायला हवे: ईएन ३९७ ची धक्क्याची चाचणी माथ्यावर होते, त्यामुळे बाजूने किंवा मागून आदळलेल्या डोक्याला साधे हेल्मेट तेवढे संरक्षण देत नाही. कवचाच्या आत फोमचे अस्तर असलेली आणि बाजूच्या आघातासाठीही तपासलेली हेल्मेट मिळतात. अमेरिकी मानकात त्यांना टाइप दोन म्हणतात. जहाजावर खरेदी माझ्या हातात असती, तर डेकवरच्या सर्वांसाठी मी तीच मागवली असती, कारण माझ्या अनुभवात घसरून पडण्याचे प्रसंग वस्तू पडण्याच्या प्रसंगांपेक्षा जास्त होते.

पट्टा कशात अडकून गळफास बसेल, अशी भीती तुमच्या एबीने घातली आहे. ती भीती पोकळ नाही, म्हणून तिचे नीट उत्तर देतो. ईएन ३९७ च्या हेल्मेटचा पट्टा १५० ते २५० न्यूटन ओढीला, म्हणजे साधारण १५ ते २५ किलो वजन लटकल्यावर, आपोआप सुटेल असा केलेला असतो. हेल्मेट पाइपात किंवा दोरात अडकले तर माणूस लटकू नये हाच त्यामागचा विचार आहे. याउलट गिर्यारोहकांच्या हेल्मेटचे ईएन १२४९२ हे मानक आहे. त्यात पट्टा किमान ५०० न्यूटनपर्यंत टिकला पाहिजे, कारण तिथे पडताना हेल्मेट डोक्यावरून न जाणे महत्त्वाचे असते. मास्टवर, क्रेनच्या जिबवर (लांब हातावर) किंवा दोरीच्या पाळण्यावर हार्नेस बांधून काम असेल, तर मी दुसऱ्या प्रकाराला पसंती देतो. पाइप, तारा आणि फिरत्या यंत्रांच्या दाटीत पहिला प्रकार बरा. तुमच्या हेल्मेटच्या आत कोणता आकडा कोरला आहे तो पाहा. तो १२४९२ नसून ३९७ असेल, तर पट्टा लावून नेहमीचे डेकचे काम करायला गळफासाची भीती बाळगण्याचे कारण नाही. पट्ट्याला स्वतः गाठ मारून किंवा दुसरी दोरी बांधून हे सुटण्याचे काम बिघडवू नका, एवढेच.

बंप कॅपबद्दल थोडक्यात सांगतो. ती ईएन ८१२ या वेगळ्या मानकाची असते आणि स्थिर वस्तूवर आपणच डोके आपटले तर खरचटू नये एवढ्यासाठी असते. तिच्या चाचणीत तोच ५ किलोचा ठोकळा फक्त पाव मीटरवरून सोडतात. इंजिन रूममध्ये खालच्या पाइपांमधून, व्हॉल्व्हच्या चाकांखालून रोज वाकून जाणाऱ्या मोटरमनला ती सोयीची पडते, आणि वर कोणी काम करत नसेल तर योग्यही आहे. पण त्याच इंजिन रूममध्ये ओव्हरहेड क्रेनने पिस्टन काढणे चालू झाले किंवा वरच्या प्लॅटफॉर्मवर ग्रेटिंगच्या फटीतून नट पडू शकेल असे काम लागले, की तिथल्या सर्वांनी हेल्मेट घातले पाहिजे. डेकवर बंप कॅप चालणार नाही, कारण तिथला धोका वरून येतो.

बॅलास्टच्या (तोल राखण्यासाठी पाणी भरण्याच्या) किंवा दुहेरी तळाच्या टाकीत उतरताना मात्र गोंधळ होतो, म्हणून तेही सांगतो. तिथे माणूस वाकून, कधी रांगत, एका भोकातून दुसऱ्या भोकात जातो आणि मोठ्या काठाचे हेल्मेट सतत अडकते. म्हणून बरेच जण ते मॅनहोलपाशी काढून ठेवतात. माझा सल्ला असा की आखूड काठाचे, पट्टा लावलेले आणि पुढे सुरक्षित दिवा बसवलेले हेल्मेट वापरा. उतरताना वरचा माणूस आणि त्याची हत्यारे तुमच्या डोक्यावर असतात, आणि काही बिघडून तुम्हाला बेशुद्ध अवस्थेत वर ओढण्याची वेळ आली, तर तुमचे डोके प्रत्येक कडेवर आपटणार असते. बंद जागेची हवा तपासणे आणि परमिट (तिथे उतरण्याचा लेखी परवाना) हा विषय याहून फार मोठा आहे, त्यावर इथे लिहीत नाही.

आतापर्यंतचे एकत्र करायचे तर एवढे लक्षात ठेवा: हेल्मेट लहान वस्तूंपासून वाचवते आणि मोठ्यांपासून दूर राहावे लागते, आतली मोकळी जागा आणि बाहेरचा पट्टा हे दोन्ही नसतील तर ते निम्मेही काम करत नाही, आणि बंप कॅप वेगळ्या कामासाठी आहे. उरला उन्हाचा आणि जुन्या माणसांचा प्रश्न.

उन्हाबद्दल माझे मत काही अधिकाऱ्यांना पटणार नाही. जुलै महिन्यात आखातात, उघड्या डेकवर, ज्याच्यावर आकाशाशिवाय काही नाही अशा जागी चार तास चिपिंग करणाऱ्या माणसाच्या डोक्याला खरा धोका उष्माघाताचा असतो. तिथेही सरसकट हेल्मेटची सक्ती केली तर माणसे त्या नियमाचे कारण शोधतात, ते सापडत नाही, आणि मग ज्या ठिकाणी कारण आहे तिथेही नियमावरचा विश्वास उडतो. तुमच्या बोसनच्या कापडी टोपीचे मूळ मला यात दिसते. मी चीफ ऑफिसर झाल्यावर कंपनीच्या लेखी संमतीने वेगळी पद्धत ठेवली. समुद्रात असताना, क्रेन बंद असताना आणि वर कोणीही काम करत नसताना उघड्या डेकचे ठरावीक भाग रुंद काठाच्या टोपीसाठी मोकळे असत. हे सकाळच्या टूल बॉक्स मीटिंगमध्ये (कामाआधीच्या छोट्या बैठकीत) सांगितले जाई आणि रिस्क असेसमेंटमध्ये लिहिले जाई. बंदरात, होल्डमध्ये, मूरिंगला, क्रेनच्या आवाक्यात आणि कोणतीही वस्तू उचलली जात असताना मात्र पट्टा लावलेले हेल्मेट घालावेच लागे, त्यात कोणालाही सूट नव्हती, मलाही नाही. हा निर्णय एकट्या माणसाने आपल्या सोयीने घेण्याचा नाही. तुमच्या जहाजावर तशी सूट नसेल तर ती मागता येते, घेता येत नाही.

सूट नसेल तेव्हा त्रास कमी करण्याचे मार्ग आहेत. कष्टाचे काम सकाळी सहा ते दहा यात संपवावे, अशी विनंती बोसनला करा. हवा जाण्यासाठी छिद्रे असलेली हेल्मेट मिळतात, ती डेकच्या साध्या कामाला चालतात. विजेच्या कामाला ती वापरायची नाहीत. कपाळाची घाम शोषणारी पट्टी धुता आणि बदलता येते, दोन मागून घ्या आणि रोज आलटूनपालटून वापरा. मानेवर ऊन लागत असेल तर हेल्मेटच्या मागे अडकवायचे कापड मिळते. उत्पादकाने त्याच हेल्मेटसाठी दिलेली पातळ कानटोपी थंडीत चालते, पण जाड लोकरी टोपी किंवा माथ्यावर बटण असलेली टोपी हेल्मेटखाली घालू नका, कारण आघात झाला की तेच बटण आधी डोक्यात रुततो. हेल्मेट उलटे, म्हणजे काठ मागे करून घालणेही टाळा. ज्या हेल्मेटवर उत्पादकाने तशी खूण दिली आहे तेवढेच उलटे घालता येते.

आता जुन्या माणसांबद्दल. त्यांच्यावर रागावू नका आणि त्यांची नक्कलही करू नका. मी पहिल्या जहाजावर होतो तेव्हा आमचे सारंग, म्हणजे बोसन, दापोलीकडचे होते, वयाने माझ्या वडिलांएवढे. त्यांचे हेल्मेट बऱ्याचदा केबिनच्या खुंटीवर असे, पण त्यांच्याकडून मी जे शिकलो ते आजही सोडलेले नाही. हॅचमध्ये पाय टाकण्याआधी ते थांबून वर पाहायचे. लटकत्या वजनाखालून ते कधी गेले नाहीत, मग वाट कितीही लांब पडो. कोणी वर चढलेला असेल तर खालच्यांना आधी नावाने हाक मारून बाजूला करायचे. ही नजर त्यांनी अनेक वर्षांत कमावली होती आणि तिने त्यांना वाचवले होते. ती नजर तुमच्याकडे अजून नाही आणि येईपर्यंत वेळ लागेल. तोवर एखादी गोष्ट तुम्हाला न दिसता वरून येणारच. म्हणून बोसनकडून त्यांची नजर घ्या आणि हेल्मेट आपले स्वतःचे ठेवा. कोणी हसले तर वाद घालू नका. एकदा पट्टा लावला की लावलेला ठेवा, साधारण महिन्याभरात लोकांचे लक्ष जाईनासे होते. माझ्या एका जहाजावर तर दोन ट्रेनी सतत पट्टा लावत, तेव्हा तिसऱ्या महिन्यापासून जुन्यांपैकीही काही जण लावू लागल्याचे मी पाहिले आहे.

आणि जर हेल्मेट खरोखरच खराब असेल, डोक्याला बसतच नसेल किंवा पट्टाच दिलेला नसेल, तर ते सांगणे हा तुमचा अधिकार आहे. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६ (खलाश्यांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) च्या विभाग ४.३ मध्ये संरक्षक साधनांची तरतूद आहेच, आणि २०२२ साली संमत झालेल्या दुरुस्तीनुसार, जी २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाली, ही साधने खलाशाच्या योग्य मापाची असली पाहिजेत. लहान डोक्याच्या मुलांना आणि जहाजावर येणाऱ्या मुलींना मोठ्या मापाचे एकच हेल्मेट देऊन भागवणे आता चालत नाही. ज्या जहाजावर पाच किंवा अधिक खलाशी आहेत तिथे सुरक्षा समिती असते. तिच्यात खलाश्यांचा प्रतिनिधी असतो, त्याच्यामार्फत हा मुद्दा मांडला तर तो बैठकीच्या नोंदीत येतो आणि कंपनीपर्यंत जातो. आधी मात्र बोसनना विचारा, मग चीफ ऑफिसरना. बहुतेक वेळा स्टोअरमध्ये नवे हेल्मेट पडून असते आणि कोणी मागितलेलेच नसते.

हेल्मेट खराब आहे हे ओळखायचे कसे, ते सांगून थांबतो. उद्या सकाळी ते उलटे करा आणि काठाच्या आतल्या बाजूला पाहा. प्लास्टिकमध्येच उठवलेले एक लहान वर्तुळ दिसेल. मध्ये वर्षाचा आकडा, भोवती १ ते १२ महिने आणि बाण असतो. ती बनवल्याची तारीख आहे. किती वर्षे वापरायचे ते उत्पादक सोबतच्या कागदावर लिहितो आणि ते प्लास्टिकच्या जातीप्रमाणे बदलते. तो कागद स्टोअरमध्ये असतो, मागून वाचा. समुद्रावरचे ऊन प्लास्टिकला लवकर म्हातारे करते, म्हणून हेल्मेट ब्रिजच्या काचेपाशी किंवा उघड्या डेकवर टांगून ठेवू नका. कवचाची चमक जाऊन ते खडूसारखे पांढुरके दिसत असेल, बारीक केसासारख्या रेषा असतील, किंवा दोन्ही तळव्यांमध्ये बाजूने दाबल्यावर करकर आवाज येत असेल, तर तारीख काहीही असो, ते टाकून द्या. एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी टाकायचे. त्यावर ब्रशने नाव रंगवू नका आणि रंगाचे डाग थिनरने पुसू नका. थिनर काही प्लास्टिक आतून ठिसूळ करते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. साबण आणि कोमट पाणी पुरते. नावासाठी उत्पादकाने चालेल म्हटलेली चिकटपट्टीच वापरा.

नवे मागताना मागणीपत्रात फक्त हेल्मेट एक, असे लिहू नका. माप, मानकाचा आकडा आणि चार बिंदूंना जोडलेला हनुवटीचा पट्टा, हे तिन्ही स्वतंत्र ओळींत लिहा, म्हणजे किनाऱ्यावरचा खरेदी करणारा माणूस सर्वांत स्वस्त तेच पाठवणार नाही.